मामीच्या कालनिर्णयवरची सात कुत्री

डिसेंबरातली सकाळ, सहा वाजून गेलेले, मी डबा भरत होते आणि मामाचा फोन. "अगं शेळी नेली वाघरानं. ती कपाळावर पांढरी होती ना, ती. पिंजरा लावा म्हणून सगळी वस्ती गोळा झालीय, वनखात्याचे गार्डसाहेब निघालेत, तू पण ये." वाघरू म्हणजे बिबट्या. मी हडपसरला ज्युनिअर कॉलेजात बायोलॉजी शिकवते, त्यामुळं मामाकडं साप निघाला, म्हैस आटली, पपईवर रोग पडला, काहीही झालं तरी फोन मलाच येतो, आणि मी पण येडी, जाते. पहिली दोन लेक्चर मैत्रिणीच्या गळ्यात मारली आणि स्कूटी काढली.

वस्ती म्हणजे सोलापूर रोडला लोणी काळभोर सोडून पुढं, उरुळी कांचनच्या अलीकडं, मुठा उजव्या कालव्याच्या खालच्या अंगाला बारा-तेरा घरं. नाव लिहीत नाही, लिहिलं की उद्या मोबाईल घेऊन व्हिडिओवाले हजर. खडकवासल्याचं पाणी कालव्यानं येतं, पाणी आहे म्हणून ऊस आहे, आणि ऊस असा की एक फड तुटला तरी शेजारचा डोक्याच्या वर उभाच असतो, म्हणजे लपायला जागा बारा महिने.

ही सगळी केस सविस्तर लिहून ठेवतेय कारण त्या एका शेळीपासून पुढचे अडीच-तीन महिने मी, मामी आणि थोडाफार तो गार्ड, असे तिघं या बिबट्याच्या ताटात नेमकं काय पडतंय ते शोधत होतो, आणि जे निघालं त्याचा कागदावरच्या हिशोबाशी काडीचा मेळ बसेना.

आधी शेळी. मामाचा गोठा म्हणजे तीन बाजूंनी पत्रा आणि पुढून छातीएवढी फळी, वर मोकळं. त्या फळीवरून उडी मारून आत, दावणीची शेळी धरली, दावं तटकन तुटलं आणि परत त्याच फळीवरून बाहेर. पंचवीस-सव्वीस किलोची शेळी तोंडात धरून! बिबट्याला हे अवघड नाही, स्वतःच्या वजनाएवढं जनावर तो ओढून नेतो. गोठ्यात रक्ताचे चार थेंब, बाकी काही नाही. आतल्या बाकीच्या दोन शेळ्या कोपऱ्यात एकमेकीला चिकटून उभ्या, त्यांना ओरखडा पण नाही. मामा म्हणाला की आवाजच आला नाही, आणि ते खरंय, कारण बिबट्या नरडं धरतो आणि दाबून ठेवतो, ओरडायला श्वासच उरत नाही.

फुफाट्यात ओढल्याचा माग होता, बांध ओलांडून उसात गेलेला. गार्डनं काठीनं पाचट बाजूला केलं तर तिसऱ्या सरीत शेळी. मी वाकून बघितलं (मामी लांबून ओरडतीय, हात लावू नको). जबड्याच्या मागं नरड्यावर चार भोकं, दोन या अंगाला, दोन त्या अंगाला, आत सुळे गेलेले. बाजूला ओंजळभर केसांचा पुंजका, हा मला बघायचाच होता, कारण बिबट्या खायच्या आधी बऱ्याचदा केस उपटून टाकतो, आपण कोंबडी सोलतो तसं. पोट आणि छातीच्या बाजूनं उघडलेलं, काळीज गायब, एक मांडी निम्मी खाल्लेली, आणि कोथळा अख्खा बाजूला काढून ठेवलेला, फुटलेला पण नाही. आत अर्धवट चावलेलं गवत असतं, ते त्याच्या काय कामाचं.

गार्डनं टेप काढली, फोटो घेतले, पंचनामा लिहिला. पोरगाच आहे, तिशीच्या आतला, पण काम बघून करतो. शेळीच्या भरपाईचा नियम असा की ४८ तासांच्या आत वनखात्याला कळवायचं, पंचनाम्याआधी मढं हलवायचं नाही, आणि मग बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा १५ हजार, यातलं जे कमी ते. मामाला तोंडपाठ होतं. सगळ्यांनाच असतं.

मग गार्डनं विचारलं, "याआधी काय गेलं होतं का मामा?"

"नाय साहेब. पहिलीच."

मागून मामी म्हणाली, "आन् वाघ्या?"

कोणी लक्ष दिलं नाही. मामी परत म्हणाली, "वाघ्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गेला. मग वरच्या घराची दोन. मग ते पोरांनी आणलेलं काळं. दिवाळीनंतर मोती." बोटं मोडत मोजत होती. सात निघाली. दसऱ्यापासून डिसेंबरपर्यंत बारा घरांच्या वस्तीवरनं सात कुत्री गेलेली, आणि कुणी म्हणायचं गाडीखाली आलं असंल, कुणी म्हणायचं पळून गेलं, कुणी तर काहीच म्हणायचं नाही. कारण काय, कुत्र्याची भरपाई मिळत नाही. पैसे नाहीत म्हणून अर्ज नाही, अर्ज नाही म्हणून पंचनामा नाही, म्हणजे सरकारी रजिस्टरमध्ये ते कुत्रं मेलंच नाही. गार्डच्या वहीत त्या दिवशी लिहिलं गेलं: शेळी, एक. आणि पुढं कुणी त्या वह्या गोळा करून बिबट्याचा आहार काढायला बसलं तर त्यात शेळ्या, मेंढ्या, कालवडी, बस्स. मला तिथंच डोक्यात बसलं की वहीतला बिबट्या आणि उसातला बिबट्या ही दोन वेगळी जनावरं आहेत.

हे मी काय पहिल्यांदा शोधलं असं नाही. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेया आणि त्यांच्या टीमनं तेव्हाच्या नगर जिल्ह्यात अकोले तालुक्यात बिबट्यांवर काम केलंय, तिथं पण असाच ऊस, अशाच वस्त्या, माणूसच माणूस, मोठं जंगली सावज जवळपास नाहीच. त्यांनी बिबट्याची विष्ठा तपासली तर खाल्लेल्या एकूण मांसात ८७ टक्के पाळीव किंवा गावातली जनावरं निघाली आणि त्यात एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के. शेळ्या फक्त ११ टक्के, आणि गंमत म्हणजे तिथं शेळ्या कुत्र्यांच्या सातपट होत्या. म्हणजे बाजारात सातपट माल शेळीचा, तरी हा उचलतो कुत्रं. मुंबईत संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या बिबट्यांबद्दल २०१८ ला एक अभ्यास आला, त्यात पण कुत्री साधारण ४० टक्के, वर्षाला दीड हजाराच्या आसपास कुत्री तिथले बिबटे खातात असा अंदाज.

मामाला हे सांगितलं तर म्हणाला, "मग शेळी सोडून कुत्रंच का? शेळीचं मटण चांगलं असतंय की." मी म्हटलं मामा, तो चवीला बघत नाही, सोयीला बघतो. शेळी रात्री आत बांधलेली, दाराला कडी, शेजारी माणूस खाटेवर झोपलेला. कुत्रं रात्री मोकळं, बऱ्याचदा एकटं, जागं, आणि वरून मूर्खासारखं भुंकत स्वतःच उसाकडं जातं. बिबट्याला लांब पळता येत नाही, त्याचं सगळं गणित दबा धरून शेवटच्या पाच-दहा मीटरच्या झेपेवर, आणि इथं सावजच त्या पाच-दहा मीटरात चालत येतंय. वजन पण बघ, आपलं गावठी कुत्रं बारा-पंधरा-अठरा किलो, बिबट्या जगभर कुठंही असो त्याला साधारण दहा ते चाळीस किलोचं जनावर बरं पडतं, मोठ्या जनावरात मार खायची भीती आणि उंदरात पोट भरत नाही. वाघ्या बरोबर मापाचा होता. मामा त्यावर काही बोलला नाही, वाघ्या त्याचा लाडका होता, मला जरा जपून बोलायला पाहिजे होतं.

त्या दिवशी वाद झाला तो मढ्यावरून. सगळे म्हणाले खड्डा काढा, पुरा. गार्ड म्हणाला एक रात्र राहू द्या. "आता खायला घालायचं व्हय त्याला?" पण मुद्दा साधा होता. बिबट्या एका बैठकीत शेळी संपवत नाही, उरलेली झाकून-लपवून ठेवतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या रात्री परत येतो. आफ्रिकेत सिंह-तरसं ओढून नेतात म्हणून झाडावर चढवून ठेवतो, इथं उसात कोण येतंय, तिसऱ्या सरीत टाकलं की झालं. ते मढं आपण उचललं की त्याचं जेवण गेलं, म्हणजे उद्या परत शिकार, म्हणजे परत आपलाच गोठा. शेवटी मढं तिथंच ठेवलं, पोराबाळांना त्या बाजूला फिरकू दिलं नाही, आणि गार्डनं बांधावरच्या बाभळीला ट्रॅप कॅमेरा (समोर काही हललं की आपोआप फोटो काढणारा) बांधला.

रात्री नऊ चाळीसला आली. हो, आली, मादी होती. फोटोत पोट खाली लोंबलेलं, सड स्पष्ट दिसत होते, म्हणजे दूध पाजणारी. पावणेअकरापर्यंत खात होती, पहाटे चारला परत, आणि दुसऱ्या रात्री शेवटचं, मग उरली ती कवटी, खूर, कातड्याचे तुकडे आणि कोथळा. तो फोटो बघून आज्जी म्हणाली, "लेकुरवाळी हाय, तिला दोन घास जास्त लागणारच." आज्जीच्या या वाक्यावर मामा दोन दिवस चिडून होता.

मग मी कागद घेऊन बसले. सवयच आहे. बिबट्याला दिवसाला सरासरी तीनेक किलो मांस धरू, पिल्लं असली की जास्त, पण तीनच धरू. सात कुत्री, पंधरा किलोच्या हिशोबानं १०५ किलो, हाडं-कातडं-आतडी वजा जाता सत्तरेक किलो. म्हणजे तेवीस-चोवीस दिवसांचं जेवण. दसऱ्यापासून शेळी गेली त्या दिवसापर्यंत सत्तर दिवस. म्हणजे तिच्या ताटातला तिसरा हिस्सा एकट्या आमच्या बारा घरांनी भरला, आणि शेळीपर्यंत यायला तिला सत्तर दिवस लागले, तेही सात कुत्री संपल्यावर. वस्तीवर तेव्हा एकच कुत्रं उरलं होतं, म्हातारं, ते मळणी मशीनच्या खालून बाहेर येत नव्हतं. बरोबर केलं त्यानं.

पण हा झाला अंदाज. पुरावा म्हणजे विष्ठा. गार्डला सांगून, त्याच्या साहेबांची परवानगी घेऊन मी ते काम अंगावर घेतलं (असं परस्पर गोळा करत फिरू नका, बिबट्या वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल एकमधला, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणातला प्राणी आहे, आणि जंतांची अंडी असतात, ग्लोव्ह्ज-मास्क शिवाय तर नाहीच). कालव्याच्या सर्व्हिस रोडला, बांधाच्या कोपऱ्यांवर, दर रविवारी. कुत्र्याची आणि बिबट्याची विष्ठा ओळखायला शिकावं लागतं, बिबट्याची पीळ पडलेली, मधेमधे आवळलेले तुकडे, टोक निमुळतं, आणि वाळली की सगळे केस केस दिसतात, वास पण वेगळा, तो लिहून सांगता येत नाही. तीन रविवारांत मी हौसेनं चक्क तरसाची पण उचलली होती, ती वाळल्यावर पांढरी खडूसारखी होते, हाडं खातं ना ते, गार्ड हसला.

अकरा मिळाल्या. आता यातून आहार कसा काढायचा तर केस पचत नाहीत, एवढ्यावर सगळं आहे. गरम पाण्यात भिजत घालायची, चाळणीत धुवायची (मामीची पिठाची चाळणी नाही, नवीन आणली, तरी मामीनं ती परत घरात घेऊ दिली नाही), केस वाळवायचे, त्यातले वीसेक कुठलेही उचलायचे आणि मायक्रोस्कोपखाली प्रत्येक केसाच्या आतल्या गाभ्याची नक्षी आणि वरचे खवले बघायचे. जोडीला ओळखीच्या जनावरांचे केस लागतात. मी मामाच्या शेळीचे, म्हशीचे, शेजारच्या मांजराचे, त्या मशीनखालच्या म्हाताऱ्या कुत्र्याचे घेतले, ससा आणि घुशीच्या केसांच्या कॉलेजात जुन्या स्लाइड होत्या. रात्री अकरा-अकरापर्यंत लॅबमध्ये बसले, शिपाई मामा वैतागले.

सहा विष्ठांत कुत्रं. तीनात उंदीर-घूस. दोनात मांजर. एकात ससा, एकात कोंबडीची पिसं, आणि शेळी एकात. फक्त एकात, आणि ती पण तारखेवरून बघता मामाचीच दिसतेय. बेरीज अकराच्या वर जाते कारण काहींत दोन-दोन गोष्टी होत्या. अकरा म्हणजे काही फार नाही, आणि सगळ्या त्या एकाच मादीच्या असतील असं पण नाही. शिवाय उंदीर तीनात निघाला म्हणून तिनं खूप उंदीर खाल्ले असं नसतं, बारक्या जनावराला मांसाच्या मानानं केस जास्त, त्यामुळं ते विष्ठेत उगाच मोठं दिसतं, खरा हिशोब किलोत करावा लागतो, आणि किलोत केला की कुत्रं अजूनच वर जातं. एक विष्ठा तर अशी होती की तिच्यात लाल नायलॉनचा दोरा निघाला, कुत्र्याच्या केसांबरोबर. मोतीच्या गळ्यात मामीनं लाल दोरा बांधला होता. ते मी मामीला सांगितलं नाही बरेच दिवस.

ऊस खातो का असं मला चार जणांनी विचारलं, एका शिकलेल्या माणसानं पण. नाही खात. मांजर कुळाला गोडाची चवच कळत नाही, जिभेवरचा तो रिसेप्टर निकामी झालेला असतो, साखर कारखान्याच्या पट्ट्यात राहून त्याला उसाचं एवढंच काय ते कौतुक की आत सावली असते आणि दिसत नाही.

आता एवढी कुत्री आली कुठून, हा प्रश्न मामीचाच. वस्तीची आठ होती, पण कालव्याच्या पुलाजवळ गेलं की वीस-पंचवीस. तिथं रात्री टेम्पो येतो आणि चिकनच्या दुकानांचा कचरा ओतून जातो, पिसं, आतडी, पाय. कुठल्या दुकानांचा ते कुणालाच माहीत नसतं, सगळ्यांना माहीत असतं. पुण्याचा कचरा आमच्या बाजूला यायची सवय जुनीच आहे, उरुळी देवाचीचा डेपो काय आजचा नाही. कचऱ्यावर कुत्री, कुत्र्यांवर बिबट्या. लोक म्हणतात जंगल संपलं म्हणून बिबट्या गावात आला. आमच्या इथं जंगल होतंच कधी? माळ होता, लांडगे होते, कालवा आल्यावर ऊस आला, आणि आता पुण्यानं वाढपी पण नेमलाय. मुंढवा-केशवनगरला फेब्रुवारी २०१९ मध्ये बिबट्या घुसून माणसं जखमी केली होती आणि लोहगाव विमानतळाच्या आवारात तर २०२५ मध्ये कित्येक महिने एक वावरत होता, डिसेंबरात धरला. लोकांना आश्चर्य वाटलं. मला कुत्री मोजावीशी वाटली.

जानेवारीत, संक्रांतीच्या आधी, दुसरं प्रकरण झालं आणि त्यात माझं वाईटपण आलं. वरच्या घरच्या काकू, नवरा नाही, चार शेळ्यांवर घर. सकाळी तीन शेळ्या मेलेल्या, चौथीचा पाय फाटलेला. अख्खी वस्ती म्हणाली बिबट्या. मी गेले, गार्ड आला. नरड्यावर सुळ्यांची भोकं नव्हती. मागच्या मांड्या, शेपटी, कान, कास, सगळीकडून फाडलेलं, वीस-वीस चावे, आणि खाल्लेलं जवळपास काहीच नाही. ओढून नेलेलं नाही. गोठ्याच्या दारात ओल्या मातीत ठसे, प्रत्येक बोटापुढं नखाचा टोकदार ठिपका. बिबट्या नखं आत घेऊन चालतो, त्याच्या ठशात नखं उमटत नाहीत, आणि ठसा गोलसर, कुत्र्याचा लांबट. ही पुलावरची कुत्री होती, टोळीनं आलेली. आता नुसतं तीन मारल्या म्हणून बिबट्या नाही असं पण म्हणता येत नाही हां, बंद गोठ्यात बिबट्या घुसला आणि जनावरांना पळायला वाट नसली तर तो पण एकामागं एक मारतो, समोर धडपड चालू आहे तोवर त्याचा शिकारीचा स्विच बंदच होत नाही, मग खातो एकच. पण त्यात प्रत्येकीचं नरडं किंवा मान धरलेली दिसते. इथं तसं काही नव्हतं.

"बिबट्या लिहा साहेब," सगळे म्हणाले. कुत्र्यांनी मारलं तर वनखात्याकडून रुपया नाही. गार्डनं माझ्याकडं बघितलं. काकू पण. मी जे दिसलं ते सांगितलं, गार्डनं तेच लिहिलं, आणि काकू महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. मामा म्हणाला, "काय गरज होती तुला शास्त्र पाजळायची?" मला आजही नीट सांगता येत नाही की मी बरोबर केलं का. खोटं लिहिलं असतं तर वहीत बिबट्याच्या नावावर अजून तीन शेळ्या चढल्या असत्या आणि पिंजऱ्याची मागणी आणखी जोरात. पण काकूंच्या तीन शेळ्या गेल्या त्या गेल्याच, पुलावरच्या कचऱ्याचा पंचनामा करायला कोणी आलं नाही.

पिंजरा तरीही आलाच. वरून परवानगी मिळाली, ट्रॅक्टरमधून आणला, उसाच्या कडेला लावला, मागच्या कप्प्यात कोंबड्या. मी विरोधात होते पण गप्प बसले, कारण भीती खोटी नव्हती. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यात पिंपरखेडला माणसं गेली, त्यात लहान मुलं होती, आमच्या वस्तीवर पण अंगणवाडीची पोरं उसाच्या कडेनं चालत जातात. आणि उसात वाकून खुरपणारी बाई किंवा लहान पोर बिबट्याच्या नजरेच्या उंचीवर येतं, उभ्या माणसासारखं दिसत नाही, हे मी सगळ्यांना सांगतच होते. नुसतं धरून दुसरीकडं सोडण्याचा अनुभव मात्र आपल्याच जिल्ह्यात वाईट आहे, जुन्नर भागात २००१ ते २००३ मध्ये बिबटे धरून धरून लांब सोडले आणि माणसांवरचे हल्ले कमी व्हायच्या ऐवजी वाढले. इथली जागा रिकामी झाली की दुसरा येतो, पुलावरची खाणावळ तर चालूच असते, आणि लांब सोडलेल्याला तिथं ना पाणी माहीत ना सावज कुठं मिळतं ते.

तिसऱ्या रात्री पिंजऱ्याचं दार पडल्याचा आवाज आला. सगळे बॅटऱ्या, काठ्या, हॅलोजन घेऊन धावले. आत कुत्रं. तांबडं, बारकं, पुलावरचं, कोंबड्यांच्या वासानं घुसलेलं आणि शेपटी हलवत बसलेलं. आख्खी वस्ती त्या रात्री पोट धरून हसली, महिन्यानंतर पहिल्यांदा.

फेब्रुवारीत तोड आली. टोळीच्या मुकादमाला आधीच सांगून ठेवलं होतं की मधल्या पट्ट्यात हळू, आणि खरंच, दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास कोयते थांबले. पाचटात दोन पिल्लं. मांजराएवढी, डोळे निळसर, एक जण फिस्कारत होतं जीव खाऊन. दोन महिन्यांच्या आसपासची असावीत, म्हणजे दूध चालू पण आई मांस आणून द्यायला लागलेली, म्हणूनच डिसेंबरानंतर तिची धावपळ वाढली होती. शेजारीच ओढून आणलेल्या मांजराचं शेपूट पडलेलं. गार्डनं लोकांना लांब केलं, तो पट्टा तसाच सोडायला लावला, संध्याकाळी पिल्लं क्रेटमध्ये घालून त्याच जागी ठेवली, कॅमेरा लावला. रात्री आठच्या आत आई आली. एकेक करून मानेला धरून नेली, दुसऱ्या पिल्लासाठी परत यायला तिला वीस मिनिटं लागली तेवढ्यात आम्हा सगळ्यांचा जीव वर आला, कॅमेऱ्यात नंतर बघितलं तरी.

दरम्यान जे केलं ते साधं होतं. गोठ्याला वरून पण जाळी, नुसत्या बाजूनं नाही, कारण तिचा रस्ता वरूनच. दाराला बाहेरून कडी. कुत्री रात्री आत. संडासला एकटं जायचं नाही, मोबाईलवर गाणी लावून जायचं (मामाची गाणी ऐकून बिबट्याच काय कोणीही पळेल). १९२६ हा वनखात्याचा नंबर प्रत्येक घरात भिंतीवर. टेम्पोच्या मागं मात्र आम्ही हरलो, दोन वेळा अडवला, महिनाभर बंद झाला, आता परत येतो, पहाटे तीनला.

पिंजऱ्यातलं ते तांबडं कुत्रं मामानं ठेवून घेतलं. नाव पिंजऱ्या. रात्री जाळीच्या आत काकूंच्या चौथ्या शेळीशेजारी झोपतं, ती आता मामाकडंच असते, पाय थोडा ओढते. आणि मामी दुधाचा हिशोब लिहायच्या कालनिर्णयच्या मागच्या पानावर आता एक वेगळा रकाना ठेवते. ऑक्टोबर: वाघ्या, सोन्या, वरच्या घराची दोन. नोव्हेंबर: काळं, मोती. डिसेंबर: बिननावाचं एक, शेळी. जानेवारी: मांजर. फेब्रुवारी: मांजर, कोंबड्या ३. मार्च कोरा आहे अजून. गार्ड परवा चहाला आला होता तेव्हा त्या पानाचा फोटो काढून घेऊन गेला.